सशाच्या गाण्यातला स

"आता बघ हं तू," असं म्हणून हुक्केरीबाईंनी पेन ड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं.

जयसिंगपूरच्या त्यांच्या बालवाडीत सतरंजीवर पस्तीस-चाळीस मुलं मांडी घालून बसली होती. माझं गाणं सुरू झालं. "सरसर सरसर ससा सुटला, शेंगा बघून शेतात घुसला." पहिल्याच ओळीला दोन मुलींनी कानांवर हात ठेवले. मंजिऱ्या वाजायला लागल्या तशी पुढची आख्खी रांग कान झाकून बसली. एका मुलानं स्वतःचे कान उघडे टाकून शेजारणीचे झाकले होते. ती मुलगी त्याचे हात झटकत होती आणि स्वतःचे लावत होती.

बाईंनी गाणं बंद केलं.

"आवाज कमी केला तर शब्द कळत नाहीत. मोठा केला की हे असं होतं," त्या म्हणाल्या. "चाल गोड आहे गं सुवर्णा. तुझा आवाजही छान लागलाय. पण प्रत्येक स आणि श कानात सुईसारखा शिरतो. मी गाडीत लावून बघितलं, तिथंही तेच. सगळी बाराच्या बारा गाणी तशीच आहेत."

"मी दुरुस्त करून देते."

"दे ना. पण संमेलनाला पंधरा दिवस राहिलेत. तोवर झालं नाही, तर मला सांगलीच्या त्या स्टुडिओवाल्याकडं जावं लागेल. राग मानू नकोस."

राग कशाचा मानणार? ते माझं पहिलं धड काम होतं. त्याआधी मी मंडळांची गाणी, वाढदिवसांच्या जाहिराती, एका डॉक्टरांच्या कविता असलं काहीबाही ध्वनिमुद्रित केलं होतं. हुक्केरीबाईंच्या तीन बालवाड्या होत्या. बारा गाणी त्यांना पसंत पडली असती, तर दरवर्षी बारा मिळणार होती.

इचलकरंजीला परतताना एसटीत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. मला हे घरी ऐकू का आलं नाही?

आमचं घर म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या. खाली चोवीस माग. ते चालू असले की तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं. म्हणून मी गायची ती आठवड्याच्या सुट्टीच्या वारी, माग बंद असताना. इतर दिवशी बसून गाण्यांचे तुकडे जोडायचं काम करायची. आतल्या खोलीत एक टेबल, एक संगणक, एक माईक, खिडकीला दोन गोधड्या. हा माझा स्टुडिओ. ऐकायला एका जुन्या म्युझिक सिस्टीमचे दोन स्पीकर होते. त्यातल्या एकाचा वरचा लहान भोंगा कधीच गेला होता.

आणि टेबलामागं कॉटवर आप्पा बसलेले असायचे.

आप्पा म्हणजे माझे वडील, दत्तोबा वरुटे. चाळीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा मेस्त्री. माग बिघडला की तो लावून द्यायचा, हे त्यांचं काम. आई गेली त्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली, तरी अडलेल्या मागासाठी लोक त्यांनाच बोलवायला यायचे. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, आणि संध्याकाळी काय करायचं हे त्यांना कळेना, तेव्हापासून ते माझ्या खोलीत येऊन बसायला लागले. माझ्या प्रत्येक गाण्याचे पहिले श्रोते तेच. त्यांना सूर-ताल कळत नव्हता, पण त्यांचं एक म्हणणं ठाम होतं. गाण्यातला शब्द न् शब्द कळला पाहिजे.

"शब्द कळंना बग," ते म्हणायचे. मी वरच्या पट्टीतला तीक्ष्ण आवाज जरा उजळ करायची. "अजून थोडं." मी अजून करायची. "हां. आता कळाय लागलं." मग मी ते गाणं पक्कं करायची. मला कधीकधी ते टोचल्यासारखं वाटायचं. पण दिवसभर हेडफोन लावून माझेच कान हळवे झाले असतील, असं मी धरून चालायची.

त्या रात्री जेवताना मी त्यांना बालवाडीतलं सगळं सांगितलं.

"सगळ्या पोरांनी झाकलं कान?"

"पुढच्या सगळ्यांनी."

आप्पांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "आपल्या हितं तर बरं वाजतंय की."

"तोच घोटाळा आहे आप्पा. आपले स्पीकर मंद आहेत. त्यांच्यात वरचं ऐकू येत नाही, म्हणून मी वाढवत जाते. दुसरीकडं तेच कर्कश होतं. स्टुडिओसाठी वेगळे स्पीकर मिळतात, मॉनिटर म्हणतात त्यांना. त्यात जे आहे तसंच ऐकू येतं."

"मग आणू या. कुठं मिळत्यात?"

"कोल्हापुरात, शाहूपुरीत एक दुकान आहे."

"मी बी येतो," ते म्हणाले. "मशीन घ्यायचं म्हटल्यावर बगून घ्याय पायजे."

दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. मालकांचं नाव फिरोज नायकवडी. पन्नाशीचे असतील. पूर्वी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. मी काही सांगायच्या आतच त्यांनी विचारलं, "खोली केवढी आहे?"

"दहा बाय आठ."

"टेबल भिंतीला चिकटून?"

"हो."

"खोलीत अजून काय काय आहे?"

"एक लोखंडी कपाट, एक कॉट. कॉटवर हे."

नायकवडी आप्पांकडं बघून हसले. "मग मोठं काही घेऊ नका. एवढ्या खोलीत मोठा स्पीकर म्हणजे नुसता घुमणार. चार-पाच इंची बघू. तुमचा आकडा सांगा."

मी बारा हजार सांगितले. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, याचंच मला बरं वाटलं. त्यांनी मागच्या खोलीत तीन जोड्या मांडल्या. पहिलीला निळा दिवा होता, दिसायला एकदम रुबाबदार. दुसरी पांढरी, प्लास्टिकची, शाळेच्या डब्याएवढी. तिसरी साधी काळी, एका बाजूला ओरखडा पडलेली. "ही दुकानात ऐकवायला ठेवलेली जोडी आहे, म्हणून तुमच्या आकड्यात बसते," ते म्हणाले. "एरवी बसली नसती."

त्यांनी मला दोन स्पीकरच्या समोर, दोन्हींपासून सारख्या अंतरावर बसवलं. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढं ओढले. वरचा छोटा भोंगा माझ्या कानाच्या उंचीला यावा म्हणून खाली दोन जाड पुस्तकं सारली. एवढ्या लहान गोष्टींनी आवाज बदलतो हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी तेच गाणं आधी स्पीकर भिंतीला लावून, मग पुढं ओढून वाजवलं, तेव्हा ढोलकी भिंतीतून बाहेर येऊन समोर बसल्यासारखी वाटली. मी त्यांना ते तीन वेळा करायला लावलं.

"मजा वाटतेय ना?" नायकवडी म्हणाले. "मी पण पहिल्यांदा दिवसभर हेच करत बसलो होतो."

निळ्या दिव्याची जोडी लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. ढोलकी पोटात वाजत होती. माझ्या मनानं तीच घेऊन टाकली होती. तेवढ्यात आप्पा उठले, त्या स्पीकरपाशी गेले आणि त्यांनी त्याच्या कुशीवर तळहात टेकला.

"काका, हात नका लावू, डाग पडतो," नायकवडी म्हणाले.

"मशीन हाताला कळतंय," आप्पा म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग दुसऱ्या जोडीवर हात ठेवला, मग तिसरीवर. परत निळ्या दिव्याकडं आले. "ही पेटी सोता बोलायलीया."

"म्हणजे?"

"आतला भोंगा वाजवतोय त्ये येगळं. पेटीनं गप ऱ्हायला पायजे. ही गप ऱ्हाईना. मधीच एका जाग्याला थरथरतीया." त्यांनी काळ्या जोडीकडं बोट केलं. "ती गप हाय."

नायकवडींनी गाणं बंद केलं आणि आप्पांकडं नव्यानं बघितलं. "तुम्ही काय करता काका?"

"जॉबर हुतो. चोवीस माग एकदम चालत्यात, तितं कानाला काय कळणार? सांगाड्यावर हात ठिवायचा. चांगल्या मागाचा ठोका एकसारखा येतोय. बिघडला असला की हाताला खडा लागल्यागत वाटतंय."

"थांबा, तुमची परीक्षाच घेऊ या," नायकवडी म्हणाले. ते लहान मुलासारखे उत्सुक झाले होते. "माझ्याकडं एक सूर आहे. अगदी खालून सुरू होतो आणि न तुटता वर वर चढत जातो. पेटीत कुठं थरथर असेल, तर त्या जागेवर ती पकडली जाते. गाण्यात झाकली जाते, यात नाही झाकली जाणार."

त्यांनी निळ्या जोडीवर तो सूर लावला. संगणकाच्या पडद्यावर सुराच्या उंचीचा आकडा वाढत होता. सुरुवातीला काही ऐकूच आलं नाही. मग खोल घुमणारा आवाज आला आणि तो चढायला लागला. आप्पांचा हात पेटीवर होता. नायकवडींनीही दुसऱ्या स्पीकरवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"हितं," आप्पा एकदम म्हणाले.

मला काही वेगळं जाणवलं नव्हतं. क्षणभरानं पेटीतून पत्र्यावर माशी घोंघावल्यासारखा आवाज आला, आणि सूर पुढं गेल्यावर थांबला.

"आयला!" नायकवडींनी डोळे उघडले. "काका, तुम्हाला माझ्या आधी कळलं. मी ही जोडी सहा महिने विकतोय!"

आप्पा हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे मी ऐकलं की नाही याची खात्री करून घेतली. सूर अजून चढत होता. आता तो शिट्टीसारखा झाला होता, बारीक, सरळ, खोलीच्या मध्यावर ताणलेल्या तारेसारखा. पडद्यावर आकडा तीन हजारांच्या पुढं गेला.

आप्पांनी हात काढून घेतला आणि तो धोतराला पुसला. "बंद झालं न्हवं? चला, आता ती काळी लावा."

सूर बंद झाला नव्हता. माझ्या कानात तो भोकं पाडत होता.

मी नायकवडींकडं बघितलं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं. त्यांचा हात माउसजवळ होता, पण त्यांनी तो हलवला नाही. आकडा चार हजार झाला, पाच, सहा. सूर इतका तीक्ष्ण झाला, की मला दात शिवशिवल्यासारखे वाटले. आप्पा शांतपणे काळ्या स्पीकरवरचा ओरखडा अंगठ्यानं चाचपत उभे होते. शेवटी सूर माझ्याही कानाच्या वर निघून गेला.

"हो काका," नायकवडी म्हणाले. "झालं बंद."

पुढचं मी स्वतःहून केलं. काळी जोडी जोडायला सांगितली आणि माझ्या पिशवीतला पेन ड्राइव्ह दिला. सशाचं गाणं लागलं.

सरसर सरसर. घरी जे मला जरासं टोचायचं, ते इथं उघडंनागडं समोर आलं. प्रत्येक स फाटलेल्या कापडासारखा. मंजिऱ्या तर काच फुटल्यासारख्या. त्या मुलांनी कान झाकले, ते काही चुकीचं केलं नव्हतं. मला माझेच कान झाकावेसे वाटले. पण मी झाकले नाहीत, कारण आप्पा खुर्चीच्या टोकावर येऊन, मान पुढं करून ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"ह्यात बग," ते म्हणाले, "ह्यात शब्द कसं सुटं सुटं कळालं. शेंगा बघून शेतात घुसला. झ्याक."

मला आमच्या खोलीतली संध्याकाळ आठवली. ह्याच गाण्याला त्यांनी तीन वेळा "अजून थोडं" म्हटलं होतं. मी तीन वेळा वाढवलं होतं. घरचे स्पीकर मंद होते हे खरंच. पण मी त्या स्पीकरांसाठी वाढवत नव्हते.

"हीच द्या," मी नायकवडींना म्हणाले.

बिल करताना त्यांनी आवाज खाली आणला. आप्पा खाली रिक्षा बघायला गेले होते. "ऑर्केस्ट्रानं माझा डावा कान असाच नेला. पाच हजारांच्या वरचं त्याला ऐकू येत नाही. मला तर बायकोनं सांगेपर्यंत पत्ता नव्हता." त्यांनी बिल फाडून माझ्या हातात दिलं. "मागाच्या कारखान्यात चाळीस वर्षं म्हणजे... तपासून घ्या त्यांना. आणि सांगा. न सांगता ठेवू नका."

इचलकरंजीची गाडी लागायची होती. स्टँडवर आम्ही बाकावर बसलो, दोघांच्या मांडीवर एकेक खोकं. आप्पा खुशीत होते. निळ्या दिव्याच्या पेटीला कसं पकडलं, ते त्यांनी मला परत सांगितलं. मग त्यांनी चहा आणला. मी कप हातात घेऊन बसून राहिले.

"काय झालं? महाग पडलं व्हय?"

"नाही आप्पा." मी त्यांच्याकडं वळून, ओठ दिसतील असं बसले, आणि मी तसं बसलेय हे माझं मलाच जाणवलं. "तो चढणारा सूर होता ना. तुम्ही बंद झाला म्हणालात, तेव्हा तो चालू होता."

त्यांनी तोंडाशी नेलेला कप खाली घेतला.

"किती येळ चालू हुता?"

"दहा-बारा सेकंद असेल."

"तुला ऐकू येत हुता?"

"हो."

"आन त्या मालकास्नी?"

"त्यांनाही."

"मग त्ये बंद झाला का म्हनाले?"

आप्पांनी चहा संपवला, कप बाकाखाली नीट ठेवला. समोर सांगलीची गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली.

"भला मानूस हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी आपणहून सुरू केलं. "मला वाटायचं, आताशा मानसंच नीट बोलंना झाल्यात. टीव्हीवरल्या बायका तोंडातल्या तोंडात पुटपुटत्यात. रेडिओवरची गानी तर कशाचा कशाला पत्ता नसतोय. तुजंच तेवढं ठणठणीत. मी समद्यास्नी सांगत सुटलोय, आमच्या पोरीसारखं गानं कुनी करत न्हाई. शब्द न् शब्द कळतोय म्हनून."

"आप्पा..."

"मी वाढव म्हनायचो, आन तू वाढवायचीस."

"मला तरी कुठं कळलं?"

"त्या लेकरांनी कान झाकलं, त्ये माझ्यापायी."

"तसं नाही हो. स्पीकर खराब होते, मी हेडफोनवर नीट तपासलं नाही, माझंच..."

"खोटं बोलू नगो," ते म्हणाले. रागानं नाही. बिघडलेल्या मागापुढं उभं राहून कुठला भाग बदलायचा हे सांगावं, तसं. "आता कमी करनार न्हवं?"

"करावं लागेल."

"कर. पोरांसाठी हाय त्ये."

गाडीत ते खिडकीशी बसले. खोकं त्यांनी मांडीवरून खाली ठेवू दिलं नाही.

घरी त्यांनी स्वतः स्पीकर लावले. टेबल भिंतीपासून वीतभर सरकवलं, फीत घेऊन माझ्या खुर्चीपासून दोन्ही अंतरं मोजली. खालच्या मागांची थरथर टेबलातून स्पीकरपर्यंत येत होती. ते कारखान्यात गेले, रबराचे जाड तुकडे घेऊन आले, चाकूनं सारखे कापले आणि प्रत्येक स्पीकरखाली चार-चार बसवले. मग हात ठेवून बघितला. "आता गप झालं."

मी बाराही गाणी परत उघडली. पहिला आठवडा ऐकायला शिकण्यातच गेला. काळी जोडी काहीच लपवायची नाही. ढोलकीच्या मागं लपलेला माझा श्वास, खालच्या गल्लीतली सायकलची घंटी, एका गाण्यात दूरवर शिंकलेलं कोणीतरी, सगळं बाहेर यायचं. एकेक स कमी करत गेले. मंजिऱ्या मागं नेल्या. आवाज मऊ होत गेला आणि मला तो आवडायला लागला. कधीकधी मी तासभर नुसती एकच ओळ ऐकत बसायची, त्यात अजून काय काय दडलंय ते शोधत.

आप्पा रोज संध्याकाळी कॉटवर येऊन बसायचे. पण काही बोलायचे नाहीत. मी मागं वळून बघितलं की म्हणायचे, "मला इचारू नगो. तुजं चालू दे."

सशाचं गाणं सगळ्यात शेवटी झालं. ते पूर्ण झाल्यावर त्यांनी विचारलं, "झालं व्हय? लाव की."

मी लावलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "चाल चांगली हाय."

तेवढंच. ते उठून बाहेरच्या खोलीत गेले. मी त्या गाण्याची जुनी प्रत पुसून टाकणार होते. तिच्यावर माउसचा बाण ठेवला आणि तसाच काढून घेतला. मग बाराही गाण्यांच्या जुन्या प्रती आप्पांच्या मोबाइलमध्ये भरल्या. त्यांना सांगितलं नाही. चार दिवसांनी बाहेरच्या खोलीतून सरसर सरसर ऐकू आलं, मोठ्यानं, आणि मी आतून दार लावून घेतलं.

हुक्केरीबाईंनी संमेलनाच्या आधी तीन दिवस फोन केला. मुलांनी सशाचं गाणं चार वेळा लावायला लावलं, आणि आता घरोघरी ससा सुटलाय, म्हणाल्या. त्यांचं काम मला पुढं सहा वर्षं मिळालं.

संमेलन झालं आणि मी आप्पांना कोल्हापुरात कानांच्या दवाखान्यात नेलं. ते सहज आले. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. पुढं त्यांना कानाचं मशीन मिळालं. ते त्यांनी कधी लावलं, कधी सदऱ्याच्या खिशात ठेवलं, त्यावरून आमची कितीदा तरी भांडणं झाली. पण त्या पहिल्या तपासणीचा दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो.

एक छोटी, आवाज न शिरणारी खोली होती. तिला काचेची खिडकी. आत आप्पा कानांवर मोठे हेडफोन लावून बसले होते. सूर ऐकू आला की हात वर करायचा, एवढं त्यांना सांगितलं होतं. बाहेर तपासणी करणाऱ्या बाई यंत्रासमोर बसल्या होत्या. त्या बटण दाबायच्या, सूर वाजायचा. ऐकू नाही आला तर तोच सूर थोडा मोठा करून पुन्हा वाजवायच्या. हात वर झाला की समोरच्या कागदावर पेन्सिलीनं खूण करायच्या. त्यांच्या शेजारी स्टुलावर मी होते.

खालचे सूर वाजले आणि आप्पांचा हात लगेच वर गेला. परत गेला. परत गेला. मला हायसं वाटलं. बाई वरच्या सुरांकडं गेल्या. तिथंही हात वर गेला. मी बाईंकडं बघितलं. म्हटलं, इतकं काही वाईट नाही मग.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी बटणाकडं बोट नेलं, पण दाबलं नाही.

आत आप्पांनी हात वर केला.

"मी आत्ता काही वाजवलंच नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्ही माझ्या बोटाकडं बघताय. मी बटणापाशी बोट नेलं, की तुमचे डोळे तिकडं जातात. आणि ते तुमच्या डोळ्यांकडं बघून हात वर करतायत."

मी काचेतून बघितलं. आप्पा खरंच माझ्याकडंच बघत होते. लक्ष लावून, कपाळाला आठ्या घालून, बिघडलेल्या मागाकडं बघावं तसं. मी बघतेय हे दिसताच त्यांनी पुन्हा हात वर केला.

"तुम्ही जरा तिकडं तोंड करून बसाल का?" बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "नाहीतर मला त्यांचं खरं कळायचं नाही."

मी स्टूल फिरवलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मागं बटणाचा टिक असा बारीक आवाज आला. मग काहीच नाही. पुन्हा टिक. पुन्हा काही नाही. प्रत्येक टिकबरोबर आत सूर थोडा मोठा होत होता, एवढं मला माहीत होतं. मी मोजायला लागले. तीन. चार. पाच. माझे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. सहा.

सातव्या टिकनंतर कागदावर पेन्सिल टेकल्याचा आवाज आला.